मेळावा घराण्याचा, मग लेकींची नावं कुठं गेली?



दिवाळी सरली की आपल्या भागात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक उसाचा आणि दुसरा कार्यक्रमांचा. लग्नं, साखरपुडे, पंचकल्याणक पूजा हे सगळं होतंच, पण गेल्या काही वर्षांत त्यात घराण्याच्या मेळाव्याची भर पडली आहे. कुणी त्याला कुलसंमेलन म्हणतं, कुणी स्नेहमेळावा, तरुण पोरं गेट-टुगेदर म्हणतात. कार्यालय ठरतं, फ्लेक्स लागतो, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट येतात, ड्रोनवाला फोटो काढतो.

मला हे आवडतं. आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी मेळाव्यांच्या विरोधात आहे. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, सासर साताऱ्याचं. सासरच्या मेळाव्यात मी सून म्हणून राबले आहे आणि माहेरच्या मेळाव्यात लेक म्हणून नियोजन केलं आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. मेळावा चांगला होणार की नाही हे कार्यालय, जेवण किंवा फ्लेक्सवर ठरत नाही. ते यादीवर ठरतं. कुणाचं नाव लिहिलं आणि कुणाचं गाळलं, यावर.

पूर्वी मेळाव्याची गरज का नव्हती

आपल्या आज्या-पणज्यांना वेगळा मेळावा भरवावा लागला नाही, कारण त्यांचे मेळावे क्षेत्रावर होत. स्तवनिधीची यात्रा, कुंभोजच्या बाहुबलीचं दर्शन, गावोगावच्या पूजा. बैलगाडी जोडून माणसं जायची आणि तिथंच बहिणी-बहिणी, मामे-मावस भावंडं भेटायची, सोयरिकी जुळायच्या. समाजाची मोठी कामंसुद्धा अशाच ठिकाणी उभी राहिली. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना 1899 साली स्तवनिधी क्षेत्रावरच झाली.

त्या भेटींची एक गोष्ट लक्षात घ्या. यात्रेला निमंत्रणपत्रिका नसते. भांडलेला भाऊ येतो, परक्या घरी दिलेली लेक येते, विधवा आत्या येते. 'तिला बोलवायचं की नाही' हा प्रश्नच उभा राहत नाही. आता आपण पुणे, बेंगळुरू, अमेरिका असे पांगलो. भेट ठरवून करावी लागते. आणि ठरवणाऱ्याच्या हातात यादी आली की यादीबरोबर गाळणंही येतं.

पहिली यादी नेहमी कशी होते

आमच्या माहेरी चुलतभावांनी पहिली यादी केली ती 94 माणसांची. पणजोबांपासून खाली चार पिढ्या. मुलगे, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. वंशावळीचा मोठा फ्लेक्स करायचा ठरलं होतं, त्याचा नमुना ग्रुपवर आला. झाडाला फांद्या होत्या, पण माझ्या आजीला झालेल्या सात लेकरांपैकी त्यात चारच दिसत होती. तिन्ही लेकी गायब. पुढच्या पिढीत आम्ही नऊ चुलत बहिणी, त्याही नाहीत.

कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. भाऊ म्हणाला, "अगं, तुम्ही तर येणारच की! तुम्हाला काय वेगळं बोलवायचं?" प्रेमानंच म्हणाला. पण झाडावर नाव नाही आणि पंगतीत मात्र यायचं, याला पाहुणी म्हणतात. घरची नाही म्हणत.

लेकी, जावई, नातवंडं धरून आम्ही यादी पुन्हा केली, तेव्हा आकडा 187 वर गेला. म्हणजे पहिल्या यादीत अर्ध्याहून थोडं जास्त घराणं होतं आणि उरलेलं आम्ही विसरूनच गेलो होतो. खर्च वाढेल अशी कुरकुर झाली. मग मी असं सुचवलं जे काही काकांना आजही पटलेलं नाही. लेकींकडूनही वर्गणी घ्या.

"लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात, आणि वर्गणी घ्यायची?" थोरल्या काकूंनी कपाळाला हात लावला. पण मैत्रिणींनो, विचार करा. ज्याच्याकडून वर्गणी घेतली जाते तो यजमान होतो. त्याला विचारावं लागतं, हिशोब दाखवावा लागतो, तारीख ठरवताना त्याची सोय पाहावी लागते. लेकीकडून काही घ्यायचं नाही या मोठेपणात तिला काही विचारायचंही नाही, हे आपोआप येतं. आम्ही दर कमावत्या घरामागे सारखी रक्कम ठेवली, मग घर भावाचं असो की बहिणीचं. ज्यांना जमणार नव्हतं त्यांचं नाव फक्त हिशोब ठेवणाऱ्या एकीला माहीत. वसुलीचा तक्ता ग्रुपवर टाकायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी केला. दानाचा आकडा मोठ्यानं वाचायची सवय बस्तीत असते, ती घरात नको.

तारीख आणि घड्याळ

आता थोडं व्यवहाराचं सांगते, कारण लेकींना यादीत घेतल्यावर तारखेचं गणितही बदलतं.

मे महिना मुलांच्या सुट्टीसाठी बरा, पण ऊन आणि पाणी दोन्ही जड जातात. डिसेंबर-जानेवारीत शेतकरी घरांत ऊसतोड चालू असते. टोळी कधी येईल हे आपल्या हातात नसतं, मेळाव्याच्या दिवशीच आली तर घरातली कर्ती माणसं फडात. भाऊबीजेला लेकी माहेरी येतातच, पण तो दिवस प्रत्येकीच्या घरचा असतो. त्या दिवशी मोठा मेळावा ठेवला तर सुनांनी आपल्या माहेरी जायचं कधी? आम्ही मधला मार्ग काढला. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, आणि कार्तिकातली अष्टान्हिका शुद्ध अष्टमीला सुरू होते. मधे चार-पाच दिवस मिळतात. शाळांना सुट्टी असते, बाहेरगावची माणसं गावातच असतात, आणि अष्टान्हिकेची पूजा करणाऱ्यांचीही अडचण होत नाही. त्यातला रविवार धरला.

जागा सांगलीत घेतली. साताऱ्याकडची माणसं पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे गाडीनं तीनेक तासांत येतात. रेल्वेनं येणारेही होते, पण साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला, तेव्हा वयस्करांना गाडीच बरी. कार्यालय निवडताना मी एकच अट घातली, चालत जाता येईल इतक्या अंतरावर बस्ती हवी. देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणी न घालणाऱ्या पाच-सहा जणी आपल्या प्रत्येक घराण्यात असतात. सकाळी त्यांना बस्ती शोधत रिक्षानं फिरायला लावलं तर त्यांचा नाश्ता अकराला होतो आणि त्या मुकाट्यानं बसून राहतात.

आणि घड्याळ! नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळचं जेवण साडेसहाला ठेवणं म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना उपाशी ठेवणं. 'त्यांना आधी उरकून घेऊ' हेही बरोबर नाही. कोपऱ्यात चार खुर्च्या मांडून म्हाताऱ्यांना वाढायचं आणि बाकीचे दिव्याच्या उजेडात जेवणार, ही पंगत झाली का? आम्ही सगळ्यांचंच पान पाच वाजता मांडलं. पुण्याची मुलं म्हणाली, "इतक्या लवकर भूक कुठं लागते?" दुपारची पंगत साडेअकराला उठली की पाचला बरोबर भूक लागते. सगळी भाषणं दुपारी दोन ते चार. ज्याला जास्त बोलायचं होतं त्यालाही आमटीच्या वासानं आवरतं घ्यावं लागलं.

भट्टीवरचं राज्य

स्वयंपाकाला आचारी सांगा, हे माझं ठाम मत. सुना-लेकींनी मिळून रांधायचं, त्यात किती आपुलकी असते वगैरे मी खूप ऐकलं आहे. पावणेदोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला मेळावा दिसत नाही, तिला फक्त भट्टी दिसते. मी एका मेळाव्यात पाहिलं आहे, व्यासपीठावर 'नारीशक्तीचा सन्मान' चालू होता आणि ज्यांचा सन्मान व्हायचा त्या मागच्या अंगणात ताटं विसळत होत्या. नावं पुकारली तेव्हा हात पुसत धावत आल्या. पैसे कमी असतील तर फ्लेक्स छोटा करा, टी-शर्ट रद्द करा, पण आचारी आणि वाढपी ठेवा.

आचाऱ्याला मात्र कागदावर लिहून द्या. 'जैन जेवण' एवढं सांगून भागत नाही. तो कांदा-लसूण, बटाटा वगळतो आणि वाटणात आलं घालतो. आम्ही लिहून दिलं: आलं, गाजर, मुळा, बीट काहीही नको. वांगं नको, फ्लॉवर नको. चातुर्मासाचे नियम घेतलेल्या काही जणींचे नियम कार्तिकी पौर्णिमेपर्यंत असतात, म्हणून पालेभाजी नको. द्विदल न खाणारे असतात, म्हणून दहीवडा आणि ताकातली कढी नको. पाणी गाळण्याचं कापड दुहेरी, आमचं आम्ही देऊ. चूल उजाडल्यावर पेटवायची.

मग राहिलं काय, असं आचाऱ्यानंच विचारलं! पुष्कळ राहतं. पुरणपोळी आणि कटाची आमटी, गव्हाची खीर, दोडक्याची भरली भाजी, गवार, पडवळ, लाल भोपळा. आपल्याकडचा अख्खा मसूर टोमॅटो आणि सुक्या खोबऱ्याच्या वाटणावर कांद्याशिवायही झकास होतो. पोळीचं जेवण असेल तर शंभर माणसांना आठ-दहा किलो तांदूळ पुरतो, त्याहून जास्त शिजवू नका. रात्री उरलेलं अन्न सकाळी आपण खात नाही, आणि टाकून देणं हीसुद्धा हिंसाच. वाटेत खायला भडंग देणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण नेहमीच्या भडंगात लसूण असतो. साताऱ्याहून येणाऱ्यांना एकच काम दिलं होतं, कंदी पेढे आणायचं.

जिचं नाव कुणी घेत नव्हतं

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

आमची धाकटी आत्या मिरजेला असते. बारा वर्षांपूर्वी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर तिनं सही केली नाही. दोघी मोठ्या आत्यांनी केली, तिनं नाही. तेव्हापासून तिला लग्नाची पत्रिका पोस्टानं जाते. दुसऱ्या यादीतही तिच्या नावापुढं प्रश्नचिन्ह होतं. "ती आली तर वातावरण बिघडेल," असं एक जण म्हणाला आणि बाकीचे गप्प बसले.

हे फक्त आमच्या घरचं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सांगली-साताऱ्याच्या कितीतरी घरांत अशी एक आत्या किंवा बहीण आहे.

भावांची बाजू मला कळते. आई-वडिलांचं दुखणं-खुपणं त्यांनी काढलं, विहिरीचं, पाइपलाइनचं कर्ज त्यांनी फेडलं, बहिणीच्या लग्नात खर्च केला. त्यांना वाटतं, हिनं कष्ट केले नाहीत आणि वाटा मागते. यात काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. पण कायदाही समजून घ्या. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्याला, म्हणजे जैनांनाही, लागू आहे. महाराष्ट्रानं 1994 सालीच त्यात दुरुस्ती करून, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या मुलींना, विवाहित असो वा नसो, मुलासारखाच हक्क आला. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 2005 ला वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हा हक्क जात नाही. तेव्हा सही न करणारी बहीण काही हिसकावून घेत नसते. जे तिचं आहे ते सोडायला ती नाही म्हणते, एवढंच. हक्क सोडायचा की नाही हा तिचा प्रश्न. आनंदानं सोडला तर तो त्याग. दबावानं, किंवा 'नाहीतर माहेर तुटेल' या भीतीनं सोडला तर त्याला त्याग म्हणू नये. उत्तम त्याग हा दशलक्षणातला धर्म आहे, पण तो दुसऱ्याकडून करवून घ्यायचा धर्म नाही.

म्हणून माझी दोन मतं आहेत. पहिलं, मेळाव्याच्या दिवशी जमिनीचा कागद कार्यालयात आणायचा नाही. 'सगळ्या बहिणी एकत्र आल्याच आहेत तर सह्या उरकून घेऊ' हा विचार मी एकाहून अधिक घरांत ऐकला आहे. पुरण खाऊ घालून सही घेणं हे पाहुणचारात बसत नाही. ते काम वेगळ्या दिवशी, वकिलासमोर, तिच्या नवऱ्या-मुलांना विचारायला वेळ देऊन करावं. असा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला की सहजासहजी मागं फिरवता येत नाही, हे तिला आधी सांगावं. दुसरं, जमिनीचा वाद मिटला नाही म्हणून माणूस यादीतून गाळायचं नाही. वाद कोर्टात न्यावा लागला तर न्यावा, पण पंगतीतली जागा हे शिक्षेचं हत्यार नाही.

क्षमा कुणाला मागायची

दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं आणि मागोमाग क्षमावणी येते. त्या दिवशी आपल्या फोनवर किती संदेश येतात! फुलांचं चित्र, हात जोडलेले, खाली 'उत्तम क्षमा'. एकाच बोटानं तीनशे जणांना जातो. ज्यांच्याशी आपलं काही भांडण नाही अशा तीनशे जणांना. ज्या एकीशी भांडण आहे तिचा नंबर त्या यादीत नसतो.

दहा धर्मांत क्षमा पहिली ठेवली आहे, आणि पाठोपाठ मार्दव आणि आर्जव आहेत. मला त्याचा अर्थ साधा वाटतो. आधी क्षमा, पण ती ताठ मानेनं मागता येत नाही, आणि मनात एक ठेवून ओठांवर एक आणूनही मागता येत नाही.

त्या वर्षी थोरले काका क्षमावणीच्या दिवशी स्वतः मिरजेला गेले. कुणी पाठवलं नाही. घरातल्या बायका महिनाभर त्याच विषयावर बोलत होत्या, एवढं मात्र खरं. काकांनी जमिनीचा विषय काढला नाही. "चुकलं असेल ते पोटात घाल, मेळाव्याला ये, तुझं नाव झाडावर लिहिलंय," एवढंच बोलले आणि चहा पिऊन आले. लेकीच्या... नव्हे, बहिणीच्या घरचा चहा!

आत्या आली. पिक्चरमध्ये होतं तसं गळ्यात पडणं वगैरे झालं नाही. सकाळी बस्तीत दर्शन घेऊन आली, फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली, पंगतीत दोन्ही बहिणींच्या मधे बसली. संध्याकाळच्या जेवणाला थांबली नाही, चारला निघाली. जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही. पण तिच्या नातवाला आता माझ्या भाच्यांची नावं माहीत आहेत, आणि दोन्ही घरांत फोन होतो. मेळाव्याकडून यापेक्षा जास्त मागूही नये.

सर्वांत मोठं घर चालवणारी

मेळाव्यात घराण्याचे 'थोर पुरुष' सांगायची पद्धत आहे. आपल्या समाजात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव हमखास येतं, आणि यायलाच हवं. मूळचे ऐतवडे बुद्रुकचे, 1919 साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्याला आणली, सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात ठेवून एका पंगतीत जेवू घातली. पण त्या पंगतीत धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. साताऱ्यात एवढं मोठं कुटुंब एका जैन बाईनं पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं, त्यात रक्ताचं नातं किती जणांशी होतं? वंशावळीत कोण बसतं आणि घरात कोण बसतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मेळाव्यात थोरांची नावं घ्याल तेव्हा त्यांच्या घरच्या बाईचं नावही घ्या. तिचं माहेर कुठलं, हेही सांगा. आमच्याकडे आम्ही प्रत्येक सुनेच्या नावाखाली तिच्या माहेरचं गाव लिहिलं. ऐंशी वर्षांच्या काकू आपल्या गावाचं नाव झाडावर बोटानं दाखवत होत्या.

तुमच्या घरी यंदा मेळाव्याचं घाटत असेल तर कार्यालय बघायच्या आधी एक वही घ्या. पणजी-पणजोबांपासून सुरू करा आणि प्रत्येक जोडप्याची सगळी लेकरं लिहा. मुलगा-मुलगी, लग्न झालेलं-न झालेलं, बोलतो-बोलत नाही, सगळी. ज्या नावाशी पेन अडेल तिथं खूण करा. पहिला फोन त्या नावाला करा, आचाऱ्याला नंतर.

उत्तम क्षमा, आणि जय जिनेंद्र.